आत नवं ग्रीटिंग, बाहेर जुनंच: ऑफिसच्या फोनवरच्या ग्रीटिंग आणि होल्ड म्युझिकच्या तक्रारी कशा सोडवायच्या

“दादा, नवीन आवाज टाकलाय, आम्हाला इथं नीट ऐकू येतोय. पण पेशंटचे नातेवाईक म्हणतात, अजून गणपतीच्या सुट्टीचंच सांगतंय.”

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून ताईंचा हा फोन आला तेव्हा दिवाळी चार दिवसांवर होती. मी गेलो. काउंटरवरच्या एक्स्टेंशनवरून मेनू लावून ऐकला. दिवाळीचं नवं ग्रीटिंग, अगदी स्वच्छ. तिथंच उभं राहून माझ्या मोबाईलवरून हॉस्पिटलचा नंबर लावला, तर “गणेश चतुर्थीनिमित्त ओपीडी बंद राहील.” यंत्रणा एक, मेनू एक, फाईलचं नावसुद्धा एकच. तरी आतल्याला एक ऐकू येतं आणि बाहेरच्याला दुसरं.

सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात हॉस्पिटलं, पतसंस्था, शाळा अशा ठिकाणी मी फोन यंत्रणा बसवतो आणि सांभाळतो. बहुतेक ठिकाणी ॲस्टरिस्क हे फोन चालवणारं सॉफ्टवेअर आणि ते वेबपेजवरून सांभाळायला त्यावर फ्रीपीबीएक्स असतं. हार्डवेअर बिघडल्याच्या तक्रारी मोजक्या येतात. ग्रीटिंगच्या मात्र प्रत्येक सणाला येतात, आणि त्यांची रूपं ठरलेली: जुनंच वाजतं, काहीच वाजत नाही, खरखर येते, पहिला शब्द गिळला जातो, होल्डवर नुसती शांतता असते. मी ज्या क्रमाने तपासतो त्या क्रमाने सगळं इथं मांडतो. तुमची यंत्रणा दुसऱ्या कंपनीची असेल तर मेनूची नावं बदलतील. फाईलबद्दलचं सगळं तसंच लागू पडेल.

आधी बाहेरून ऐका

कॉम्प्युटरच्या स्पीकरवर वाजवून बघणं ही परीक्षा नव्हे. एक्स्टेंशनवरून ऐकणं ही अर्धी परीक्षा. रात्री अकरा वाजता जतहून किंवा अथणीहून एखादा माणूस वडिलांना श्वास लागलाय म्हणून फोन करतो, त्याला काय ऐकू येतं तेच खरं. म्हणून काहीही बदललं की दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून आणि जमलं तर एका लँडलाइनवरून फोन करायचा आणि ग्रीटिंग शेवटपर्यंत ऐकायचं.

त्याच वेळी ॲस्टरिस्कची कन्सोल, म्हणजे यंत्रणा काय करतेय ते ओळीओळीने दाखवणारी खिडकी, उघडी ठेवायची आणि तपशिलाची पातळी वाढवून घ्यायची. ग्रीटिंग सुरू झालं की तिथं ‘प्लेइंग’ अशी ओळ येते. त्या ओळीत फाईलचं नाव असतं, नावामागचं फॉरमॅटचं शेपूट असतं आणि शेवटी भाषाही असते. निम्म्या तक्रारी या एका ओळीत सुटतात, तरी ती वाचायची सवय फार थोड्यांना असते. मिरजेच्या त्या हॉस्पिटलमध्ये मी एक्स्टेंशनवरून ऐकलं तेव्हा शेपूट ‘स्लिन’ होतं; वेव्ह फाईल वाजली की कन्सोलमध्ये असंच दिसतं. मोबाईलवरून लावलं तेव्हा तेच नाव, पण शेपूट ‘एलॉ’. गणपती कुठं लपला होता ते तिथंच कळलं.

एक नाव, चार फाईली

ॲस्टरिस्क ग्रीटिंग शोधताना शेपटाशिवायचं नाव बघतं. त्या नावाच्या फाईली चार फॉरमॅटमध्ये असतील तर समोरच्या लाइनला ज्या फॉरमॅटपासून सगळ्यात कमी रूपांतर करावं लागेल ती फाईल ते उचलतं. प्रोसेसरवर भार कमी पडावा म्हणून ही सोय केलेली आहे, आणि ती चांगलीच आहे.

आता फोनच्या लाइनवरचा आवाज जी ७११ नावाच्या पद्धतीने जातो. हे मानक १९७२ चं. त्याचे दोन प्रकार आहेत, एलॉ आणि म्यूलॉ. भारतात आणि युरोपात एलॉ चालतो, अमेरिका आणि जपानमध्ये म्यूलॉ. हॉस्पिटलची बाहेरची लाइन, म्हणजे ट्रंक, एलॉवर होती. आतले टेबलफोन जी ७२२ या दुसऱ्या पद्धतीवर होते, कारण त्यात आवाज जास्त मोकळा येतो.

झालं असं होतं की, गणपतीत ग्रीटिंग वेबपेजवरून व्यवस्थित अपलोड केलं होतं. तेव्हा कोणकोणत्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करायचं त्या सगळ्या चौकटींवर टिक केलेली होती, त्यामुळे एकाच नावाच्या वेव्ह, एलॉ, म्यूलॉ आणि जीएसएम अशा चार फाईली तयार झाल्या. दिवाळीला घाई होती. तिथल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलाने नवी वेव्ह फाईल थेट फोल्डरमध्ये जुन्या वेव्हवर टाकली. बाकीच्या तीन तशाच राहिल्या. टेबलफोनना वेव्ह सोयीची, म्हणून त्यांना दिवाळी ऐकू येत होती. बाहेरच्या लाइनला एलॉ आयती मिळत होती, म्हणून बाहेर गणपती.

फाईली असतात त्या कस्टम फोल्डरमध्ये. त्याच्यापर्यंत जायचा रस्ता व्हार, लिब, ॲस्टरिस्क, साउंड्स आणि मग भाषेचा फोल्डर असा आहे. तिथली यादी तारखेसकट काढून बघा. एकाच नावाच्या फाईलींच्या तारखा वेगवेगळ्या दिसल्या तर चोर तिथंच आहे. उपाय सोपा आहे. त्या नावाच्या सगळ्या फाईली बाजूला काढा, मूळ रेकॉर्डिंग ‘सिस्टिम रेकॉर्डिंग्ज’च्या पानावरून पुन्हा अपलोड करा आणि रूपांतराच्या सगळ्या चौकटींवर टिक करा. फोल्डरमध्ये हाताने फाईल टाकायचीच वेळ आली तर जुन्या नावावर टाकू नका, नवं नाव द्या. मी नावातच वर्ष आणि सण घालतो. मग कन्सोलमध्ये बघितलं की काय वाजतंय ते लगेच समजतं.

हीच गोष्ट भाषेच्या फोल्डरमध्येही होते. इनकमिंग रूटला, म्हणजे बाहेरून आलेला कॉल कुठं पाठवायचा ते ठरवणाऱ्या नोंदीला, मराठी भाषा लावलेली असेल, मराठीच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी फाईल पडलेली असेल आणि तुम्ही नवी फाईल इंग्रजीच्या फोल्डरमध्ये टाकली असेल, तर जुनीच वाजणार. कन्सोलच्या ओळीत शेवटी भाषा दिसते ती याचसाठी बघायची.

यापेक्षाही साधं एक कारण आहे, आणि ते मी महिन्यातून एकदा तरी बघतो. नवं रेकॉर्डिंग नव्या नावाने अपलोड झालेलं असतं, पण आयव्हीआरच्या, म्हणजे ‘१ दाबा, २ दाबा’ सांगणाऱ्या मेनूच्या, पानावर ‘अनाउन्समेंट’समोर अजून जुनंच निवडलेलं असतं. किंवा निवडलेलं असतं, सबमिटही केलेलं असतं, पण वरचं लाल ‘अप्लाय कॉन्फिग’ दाबायचं राहिलेलं असतं. ते दाबेपर्यंत काहीही बदलत नाही.

काहीच वाजत नाही, किंवा खरखर येते

इथं व्हॉट्सॲपचा विषय येतो. आमच्याकडे ग्रीटिंग बहुतेक वेळा असंच जन्माला येतं: डॉक्टर मॅडम घरून व्हॉइस नोट पाठवतात, ती रिसेप्शनच्या मोबाईलवर येते, तिथून कॉम्प्युटरवर जाते, आणि अपलोड होत नाही म्हणून कोणीतरी तिचं शेपूट बदलून ‘वेव्ह’ करतं. व्हॉट्सॲपची नोट ओपस नावाच्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून बसवायच्या पद्धतीत, असते. आयफोनवरचं रेकॉर्डिंग एमफोरए असतं. नाव बदलल्याने आतला ऐवज बदलत नाही. तेलाच्या डब्यावर ‘तूप’ अशी चिठ्ठी लावावी, तसं ते होतं. ॲस्टरिस्क वेव्ह समजून फाईल उघडतं, आत वेव्हचा मथळा, म्हणजे फाईलच्या सुरुवातीची ओळख, सापडत नाही, आणि कॉल करणाऱ्याला शांतता ऐकू येते.

दुसरा प्रकार म्हणजे फाईल खरोखर वेव्ह असते, पण गाण्याच्या मापाची. स्टुडिओत किंवा मोबाईल ॲपवर केलेलं रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं आणि स्टिरिओ असतं. साध्या वेव्ह फाईलकडून ॲस्टरिस्कची अपेक्षा आहे ८,००० नमुने, १६ बिट आणि मोनो. ते स्वतःहून माप बदलून घेत नाही. कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड फ्रिक्वेन्सी मिसमॅच’ किंवा ‘नॉट इन मोनो’ असा इशारा देतं आणि गप्प बसतं. हे दोन इशारे दिसले तर नेटवर्क, राउटर, फायरवॉल यांच्या मागे लागू नका. दोष फाईलमध्येच आहे. ‘डझ नॉट एक्झिस्ट इन एनी फॉरमॅट’ असं दिसलं तर फाईलच सापडत नाहीये, म्हणजे नाव चुकलंय, फोल्डर चुकलाय किंवा ती वाचायची परवानगी नाही.

सेकंदाला ८,००० नमुने कशासाठी, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. साधा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो. माणसाचं बोलणं समजायला तो पुरतो. ३४०० पर्यंतचा आवाज टिपायला सेकंदाला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात, म्हणून ८,०००. त्यापलीकडचं काहीही तुम्ही कितीही जपून रेकॉर्ड केलंत तरी लाइनवर जाणारच नाही.

माप बदलायला ऑडॅसिटी पुरते, ती फुकट मिळते. फाईल उघडा. ‘ट्रॅक्स’ मेनूत ‘मिक्स’मध्ये ‘मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो’ करा. ‘इफेक्ट’मध्ये नॉर्मलाइझ घेऊन आवाजाचं टोक उणे ३ डेसिबलवर आणा. एक्स्पोर्ट करताना वेव्ह, १६ बिट पीसीएम, सॅम्पल रेट ८०००, मोनो असं निवडा. ज्यांना सर्व्हरवर काम करता येतं त्यांनी सॉक्स हा प्रोग्रॅम वापरावा, एका ओळीत काम होतं. तयार फाईलवर ‘फाईल’ हा आदेश चालवला की उत्तर यायला हवं: मायक्रोसॉफ्ट पीसीएम, १६ बिट, मोनो, ८००० हर्ट्झ. यातला एक शब्द जरी वेगळा आला तरी अपलोड करू नका.

खरखर मात्र वेगळी. शब्द ओळखू येतात, पण सगळं फाटल्यासारखं ऐकू येत असेल तर बहुधा एलॉच्या नावाने म्यूलॉची फाईल बसली आहे. या दोन्ही फाईलींना मथळा नसतो, त्यामुळे ॲस्टरिस्कला खात्री करून घ्यायला काही साधनच नसतं. शेपूट सांगेल त्यावर ते विश्वास ठेवतं. इंटरनेटवरच्या अमेरिकी सूचना वाचून रूपांतर केलेलं असलं की हे हमखास होतं. आणि आवाज अगदी जाड, संथ, भुतासारखा येत असेल तर मथळा नसलेल्या एसएलएन फाईलमध्ये ४४,१०० नमुन्यांचा माल भरलेला आहे. तो साडेपाच पट हळू वाजतो.

अपलोडच होत नाही

गणित बघा. टेलिफोनच्या मापाची फाईल सेकंदाला १६,००० बाइट घेते, म्हणजे मिनिटाला जेमतेम १ एमबी. तेच बोलणं गाण्याच्या मापात मिनिटाला साडेदहा एमबी. वेबपेज ज्यावर चालतं त्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबीची असते. सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स हा वेबसर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबीच आहे, आणि ती ओलांडली की ४१३ नंबरची चूक येते. लोक आधी मर्यादा वाढवायला धावतात. आधी फाईल मापात आणा. ग्रीटिंगला मर्यादा वाढवायची गरज मला क्वचितच पडली आहे. पाच-सात मिनिटांच्या होल्ड म्युझिकला मात्र ती वाढवावी लागते. पीएचपीमध्ये तेव्हा अपलोडची आणि पोस्टची अशा दोन्ही मर्यादा वाढवा, नाहीतर दुसरी आडवी येते.

फाईलच्या नावात देवनागरी, मोकळी जागा किंवा अवतरणचिन्ह नको. इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. हाताने टाकलेल्या फाईलची मालकी ॲस्टरिस्क या युजरकडे द्यायला विसरू नका. रूट या सर्वाधिकारी युजरने कॉपी केलेली फाईल फोल्डरमध्ये दिसते, पण वाजेलच असं नाही.

“...स्कार, आपलं स्वागत आहे”

ही तक्रार कोणी करत नाही, कारण सगळ्यांना तिची सवय झालेली असते. मला मात्र ती फार टोचते. मोबाईलवरून फोन लावला की ‘नमस्कार’ मधला ‘नम’ जातो. कारण असं की, यंत्रणा कॉल उचलते त्याच क्षणी ग्रीटिंग सुरू करते, आणि दोन्ही बाजूंचा आवाजाचा रस्ता पुरता जुळायला आणखी थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक सेकंदाची शांतता जोडा. ऑडॅसिटीत ‘जनरेट’ मेनूत ‘सायलेन्स’ आहे. फ्रीपीबीएक्सच्या इनकमिंग रूटवर ‘पॉज बिफोर आन्सर’ दिसतं, त्याचा इथं उपयोग नाही. ते कॉल उचलायच्या आधी थांबतं. आपल्याला थांबायचंय उचलल्यानंतर.

होल्ड म्युझिक

होल्डवर शांतता असली की समोरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि फोन ठेवतो. पुन्हा लावतो, पुन्हा रांगेत शेवटी जातो. म्हणून ही शांतता मी ग्रीटिंगइतकीच गंभीर धरतो.

पहिलं बघायचं ते कॅटेगरी. तुम्ही नव्या कॅटेगरीत संगीत टाकलंत, पण क्यू, म्हणजे कॉलची रांग, अजून ‘डिफॉल्ट’कडे बघत असेल. क्यूची कॅटेगरी वेगळी असते, इनकमिंग रूटची वेगळी, आणि दोन्ही ठिकाणी निवडावी लागते. कॅटेगरी रिकामी असेल तर शांतता. एमपीथ्री टाकली असेल आणि ॲस्टरिस्कमध्ये एमपीथ्रीचं मॉड्यूल नसेल तरी शांतता; ते मॉड्यूल मूळ बांधणीत येत नाही, वेगळं घालावं लागतं. टेलिफोनच्या मापाची वेव्ह टाकली की हा प्रश्नच उरत नाही. कन्सोलमध्ये होल्ड म्युझिकच्या फाईलींची यादी काढायचा आदेश आहे. त्यात तुमची फाईल दिसली नाही तर होल्ड म्युझिक रीलोड करा. सगळं बरोबर असूनही बाहेरच्याला भलतंच संगीत ऐकू येत असेल तर पीजेसिप प्रकारच्या (इंटरनेटवरून येणाऱ्या) ट्रंकवर ‘एमओएच पासथ्रू’ चालू आहे का ते बघा. ते चालू असलं की आपली यंत्रणा संगीत वाजवतच नाही. ‘होल्डवर ठेवलंय’ एवढाच निरोप पुढे जातो, आणि काय वाजवायचं ते पलीकडची कंपनी ठरवते.

हे सगळं नीट असूनही संगीत वाईट ऐकू येतं तेव्हा खरी मेहनत सुरू होते. त्याच हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना होल्डवर तंबोरा हवा होता. इच्छा अगदी योग्य. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव, इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. शिवाय घाबरलेल्या माणसाला तंबोऱ्याने शांत वाटेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांनी मोबाईलच्या ॲपमधला तंबोरा रेकॉर्ड करून दिला. हेडफोनवर सुरेख वाजत होता. फोनवर मात्र दूर कुठंतरी ट्यूबलाइट गुणगुणावी तसं काहीतरी येत होतं, आणि तेही मध्येच विरायचं.

त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. ॲपने तंबोऱ्याला भरदार करण्यासाठी डावा आणि उजवा आवाज एकमेकांविरुद्ध फिरवलेला होता. मोनो करताना दोन्हींची बेरीज होते, आणि विरुद्ध लाटा एकमेकींना खातात. हे तपासायला अवघड नाही: बेरीज करण्याऐवजी नुसता डावा चॅनेल ठेवून बघा. आवाज एकदम भरून आला तर कारण हेच. इथं तो आला, पण पुरता नाही.

कारण दुसरी अडचण वाद्यातच होती. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला बोलतात आणि खर्ज ६९ ला. टेलिफोनचा पट्टाच मुळी ३०० पासून सुरू होतो. म्हणजे चार तारांचा मूळ नाद दारातच अडतो. आत जाते ती फक्त जवारीची वरची झणझण, आणि खालचा आधार नसला की ती मच्छरासारखी वाटते. त्यात मोबाईलचे कोडेक घडवलेले माणसाच्या बोलण्यासाठी. एकसारखा, न बदलणारा हलका सूर चालू राहिला की ते कधी कधी त्याला मागचा गोंगाट समजतात आणि पुसट करून टाकतात. ट्रंक जी ७२९ वर असेल तर आणखी हाल. तो कोडेक सेकंदाला ८,००० बिटांत आवाज बसवतो, जी ७११ ला ६४,००० लागतात. बोलणं त्यात निभावतं, संगीताचा चोथा होतो. होल्ड म्युझिक महत्त्वाचं असेल तर ट्रंकवर एलॉ पहिल्या क्रमांकाला ठेवा.

मग फोनवर काय चालतं? एकच वाद्य, स्पष्ट आघात, मध्य आणि तार सप्तकातली चाल. बासरी चांगली जाते. संतूरचा ठोका ओळखू येतो. तबल्याचा दायां येतो, बायांची घुमारी जाते. हार्मोनियम लांब सूर धरून बसली की तंबोऱ्यासारखीच गत होते. वाद्यवृंद, ढोल-ताशा, चित्रपटातलं भरगच्च संगीत नको; तिथं सगळ्याचा एकच गोळा होतो. फार हळू सुरू होऊन मोठं होणारं संगीतही नको, कारण पहिले दहा सेकंद माणसाला लाइन मेल्यासारखी वाटते.

शेवटी डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका सतारवादकाने चार मिनिटं वाजवून दिलं. मधल्या सा पासून वरच, म्हणजे साधारण २८० हर्ट्झच्या पुढे. ठोक सुटे, दोन ठोकांत फार अंतर नाही. आम्ही मिश्रणात तंबोरा ठेवलाच नाही. ऐकणाऱ्याला तो सतारीच्या चिकारीतच भासतो.

त्यांच्याकडून अर्ध्या पानाचं लेखी परवानगीपत्र घेतलं. याबद्दल लोक फार बेफिकीर असतात. सिनेमाचं गाणं मोबाईलमध्ये आहे म्हणून ते व्यवसायाच्या फोनवर लावायचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यांचे परवाने पीपीएल आणि आयपीआरएस या संस्था देतात. जुना अभंग असला तरी त्याचं रेकॉर्डिंग कोणाचंतरी असतंच. गावातल्या वादकाला मानधन देऊन वाजवून घेणं मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. त्याचंही नाव होतं.

रेकॉर्डिंग करतानाच घ्यायची काळजी

स्टुडिओची गरज नाही. पंखा बंद करा, खिडकी लावा, फाईलींचं कपाट किंवा पडदे असलेली खोली निवडा. मोबाईल तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, वीतभर अंतरावर धरा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ चे फुत्कार येत नाहीत. व्हॉइस नोटऐवजी फोनमधल्या रेकॉर्डरवर घ्या आणि फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फारच घाई असेल तर फ्रीपीबीएक्सच्या रेकॉर्डिंगच्या पानावर एक्स्टेंशनचा नंबर टाका. तो फोन वाजेल, उचला आणि बोला. फाईल आपोआप योग्य मापाची होते.

मजकुरात सगळ्यात निकडीचं पहिल्यांदा. हॉस्पिटलच्या जुन्या ग्रीटिंगमध्ये स्वागत, सुविधांची यादी, वेबसाइट आणि मग ३५ व्या सेकंदाला ‘तातडीच्या सेवेसाठी १ दाबा’ येत होतं. आता नमस्कारानंतरचं पहिलं वाक्यच ते आहे. आणि मिरजेला बेळगाव जिल्ह्यातून खूप पेशंट येतात. त्यांच्यासाठी ‘कन्नडसाठी २ दाबा’ असं मराठीत सांगून काय उपयोग? ते ‘कन्नडक्कागि एरडु ओत्ति’ असंच हवं. तिथल्या एका नर्सताई मूळच्या चिक्कोडीच्या, त्यांनी ते सांगितलं आणि आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून दिलं.

दर वर्षी पुन्हा का होतं

सुट्टीचं ग्रीटिंग नेहमीच्या ग्रीटिंगच्या जागी टाकू नका. सुट्टी संपल्यावर परत बदलायचं लक्षात राहत नाही, आणि मग डिसेंबरपर्यंत पेशंटला ‘दिवाळीनिमित्त बंद’ ऐकावं लागतं. दोन्ही वेगवेगळी ठेवा आणि टाइम कंडिशन, म्हणजे कोणत्या वेळी कोणतं ग्रीटिंग वाजेल तो नियम, लावा.

तिथंही एक खाच आहे. त्या नियमाच्या वेळा जिथं लिहितात त्या टाइम ग्रुपमध्ये महिना आणि तारीख देता येते, वर्ष देता येत नाही. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. २०२४ चा ग्रुप तसाच राहिला तर २०२५ च्या १ नोव्हेंबरला, चांगला कामाचा शनिवार असताना, ओपीडी बंद असल्याचं ग्रीटिंग आपोआप सुरू होतं. आपले सण तिथीवर चालतात आणि यंत्रणा तारखेवर. म्हणून जानेवारीत नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की त्याच दिवशी गणपती, दसरा, दिवाळी आणि ईदच्या तारखा टाइम ग्रुपमध्ये बदलून घ्यायच्या. मी रिसेप्शनच्या ताईंना ते पान उघडून दाखवलं आणि दोन तारखा त्यांच्याकडूनच बदलून घेतल्या.

मूळ रेकॉर्डिंग, म्हणजे मोठ्या मापाचं, न कापलेलं, एका पेनड्राइव्हवर वेगळं ठेवा. टेलिफोनच्या मापाच्या फाईलवरून पुन्हा चांगली फाईल कधीच करता येत नाही.

त्या संध्याकाळी जुन्या चारही फाईली काढल्या, नवं ग्रीटिंग वर्षासकटच्या नावाने पानावरून चढवलं, अप्लाय केलं. ताईंनी स्वतःच्या मोबाईलवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. कन्सोलमध्ये ‘प्लेइंग’ची ओळ आली, नावात दिवाळी, शेपूट एलॉ. एक सेकंद शांतता गेली आणि मग पूर्ण ‘नमस्कार’ ऐकू आला.